शांतिसेना आणि खरी बातमी

वसमतच्या हळदीच्या बाजारांत एकाच अडत्याच्या तोंडून भाव ऐकणारा शेतकरी फसण्याचा संभव असतो. चार ठिकाणीं विचारणारा सहसा फसत नाहीं. राष्ट्रांच्या व्यवहारांतही असेंच आहे, हें आम्हांस कोरियाच्या इतिहासावरून दिसून येतें.

१९५३ सालीं तेथील युद्ध थांबलें, तेव्हां स्वदेशीं परतण्यास नाखूष असलेले सुमारें २२,६०० चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी भारतीय सेनेच्या ताब्यांत देण्यांत आले. त्या सेनेचे प्रमुख आपले महाराष्ट्रीय सेनानी मेजर जनरल शंकरराव थोरात होते. तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. छावण्यांत कैद्यांच्या पुढाऱ्यांचा धाक असे. ते सांगतील तीच बातमी खरी. म्हणून प्रत्येक कैद्यास एकट्यास तंबूंत आणावें, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीनें त्यास परतण्याचा हक्क समजावून सांगावा, तटस्थ पंचांनीं तें ऐकावें, आणि मग दोन दारांपैकीं वाटेल त्या दारानें त्यानें बाहेर जावें, अशी योजना होती.

ती पुरती सफल झाली नाहीं. ९० दिवसांच्या मुदतींत समजावणी अवघे १० दिवस झाली. बहुतेक कैदी तंबूपर्यंत आलेच नाहींत. बळानें आणावें तर रक्तपात होणार. म्हणून सेनेनें संयम पत्करला.

विद्यार्थीमित्रहो, बातमी दाबणें सोपें, पसरविणें त्याहून सोपें. ऐकणाऱ्यास निर्भयपणें निवड करूं देणें मात्र कठीण. "सारा गांव असेंच म्हणतो" असें कोणी सांगेल, तेव्हां दोन्ही दारें उघडीं आहेत कीं नाहींत, एवढें आधीं पाहावें.