स्नायुजन्य उष्णता व मेंदूचे नियंत्रण

स्नायुजन्य उष्णता : ऐच्छिक स्नायूंमध्ये (इच्छेनुसार हालविता येणाऱ्या स्नायूंमध्ये) चयापचयामुळे, म्हणजे शरीरात सतत होणाऱ्या भौतिक-रासायनिक घडामोडींमुळे, निर्माण होणारी उष्णता. प्रौढ मनुष्याच्या वजनाचा सु. ४०% भाग या स्नायूंचा असतो. श्रम करताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सु. २० ते २५% ऊर्जेचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता निव्वळ वाया जात नाही. शरीराचे तापमान राखण्यासाठी मेंदू तिचा उपयोग करतो व गरजेनुसार तिचे प्रमाण कमीजास्त करतो.

आकुंचनाच्या वेळी स्नायूचे तापमान वाढते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८४८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखविले. पुढे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक आर्चिबॉल्ड व्हिव्हिअन हिल यांनी या उष्णतेचे सूक्ष्म मापन केले. त्याबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक ओटो मायरहोफ यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. तथापि हे प्रयोग शरीरापासून अलग केलेल्या स्नायूंवर झालेले असल्याने मेंदूचा वाटा त्यांतून कळणे शक्य नव्हते.

कुडकुडणे : थंडीची संवेदना त्वचेपासून मेरुरज्जू व मस्तिष्क स्तंभ यांमार्गे अधोथॅलॅमसाच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या नियंत्रक भागाच्या) पुढील क्षेत्रात पोहोचते. शरीर उबदार असताना या क्षेत्रातील तंत्रिका कोशिका उष्णता निर्माण करविणारी खालची केंद्रे दाबून ठेवतात. थंडीत हा निरोध शिथिल होतो आणि आज्ञा लंबमज्जेतून मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिकांकडे जाते [⟶ तंत्रिका तंत्र]. हा मार्ग उंदरांवरील प्रयोगांतून उलगडण्यात शॉन मॉरिसन व काझुहिरो नाकामुरा यांचे २००८ पासूनचे संशोधन महत्त्वाचे ठरले. कुडकुडताना परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. त्यामुळे बाह्य कार्य जवळजवळ होत नाही, मात्र उष्णतेची निर्मिती विश्रांतावस्थेच्या सु. तीन ते पाच पटींपर्यंत वाढू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या संवेदनाहारकाने हे नियंत्रण मंदावते. म्हणून रुग्णाला उबदार ठेवावे लागते.

आकुंचनाविना उष्णता : न कुडकुडताही स्नायू उष्णता निर्माण करतात. आकुंचनानंतर कॅल्शियम पुन्हा कोशिकेतील साठ्यात नेणाऱ्या पंपाला सार्कोलिपीन हे प्रथिन जोडले जाते. मग पंप ऊर्जा खर्च करीत राहतो, परंतु कॅल्शियमाचे वहन कमी होते व ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना अचानक ४° से. तापमानात ठेवल्यास शरीराची ऊब टिकविता येत नाही, असे अमेरिकेतील ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळले. याच कॅल्शियमाचा प्रवाह अनिर्बंध झाल्यास काय घडते, हे मारक अतिज्वर या विकारात दिसते. आनुवंशिक दोष असलेल्या व्यक्तीला हॅलोथेनासारखे संवेदनाहारक दिल्यास तिचे स्नायू ताठरतात, तापमान झपाट्याने वाढते आणि डँट्रोलीन हे औषध वेळीच न दिल्यास मृत्यू ओढवू शकतो.

शरीराच्या वजनाशी संबंध : अधोथॅलॅमसाच्या मध्य-अधर केंद्राचा ऊर्जाव्ययाशी निकट संबंध आहे. ओहायओतील केंट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या या केंद्रातील मेलॅनोकॉर्टिन ग्राहींना उत्तेजित केले. तेव्हा हालचाल करताना त्यांच्या स्नायूंचे तापमान व शरीराचा ऊर्जाव्यय ही दोन्ही वाढली. अनुकंपी तंत्रिकांमार्फत मेंदूचा प्रभाव स्नायूंपर्यंत पोहोचतो, असे यावरून दिसते.

याची उलट बाजू मानवात आढळते. वजन १०% किंवा त्याहून अधिक घटविलेल्या व्यक्तींचे स्नायू हलके श्रम करताना पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतात, असे कोलंबिया विद्यापीठातील मायकेल रोझेनबाम, रुडॉल्फ लायबेल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. वसा ऊतकातून (चरबीतून) स्रवणारे व साठ्याची वार्ता मेंदूला देणारे लेप्टीन हे हॉर्मोन अल्प मात्रेत दिल्यावर ही काटकसर बऱ्याच अंशी नाहीशी झाली (२००५). घटविलेले वजन पुन्हा वाढण्याचे खापर केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहावर फोडता येत नाही. चरबीचा साठा कमी झाल्याची वार्ता मिळताच मेंदू स्नायूंचा ऊर्जाव्यय आवरता घेतो, हेही त्याचे एक कारण आहे.