न्यायासन आणि अधिकारपद

न्यायाधीशानें निवृत्त झाल्यावर सरकारी पद स्वीकारावें काय, हा वाद आपल्या देशांत वारंवार निघतो. त्याचें उत्तर शोधण्यास नागपूरकरांनीं लांब जावयास नको. मोहम्मद हिदायतुल्ला यांचें सार्वजनिक चरित्र याच शहरांत घडलें.

मॉरिस कॉलेजचा हा विद्यार्थी केंब्रिज व लिंकन्स इन येथील अभ्यास संपवून १९३० सालीं परतला आणि येथेंच वकिली करूं लागला. नगरपालिकेचें सभासदत्व, कायद्याचें अध्यापन, १९४३ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचें अ‍ॅडव्होकेट जनरलपद, १९४६ सालीं न्यायाधीशपद, १९५४ सालीं नागपूर हायकोर्टाचें मुख्य न्यायाधीशपद व १९६८ सालीं भारताचें सरन्यायाधीशपद, अशा पायऱ्या ते चढले. परंतु पदांची यादी म्हणजे मोठेपणा नव्हे.

१९६९ च्या जुलै-ऑगस्टांत पस्तीस दिवस राष्ट्रपतींचें काम त्यांच्याकडे आलें. त्या अवधींत चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यास त्यांनीं संमति दिली. पुढें त्याच कायद्याविरुद्धचा दावा सुप्रीम कोर्टांत चालला, तेव्हां ते न्यायासनावर बसले नाहींत. ज्यानें वहीवर सही केली त्यानेंच ती वही तपासूं नये, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. नंतर सरकारनें संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. १५ डिसेंबर १९७० रोजीं तो हुकूम रद्द ठरविणाऱ्या बहुमतांत ते होते, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांची मुदत संपली. ज्यास पुढें कांहीं पदरांत पाडून घ्यावयाचें असतें, तो जातांजातां सरकारची नाराजी ओढवून घेत नाहीं.

१९७९ सालीं ते उपराष्ट्रपति झाले, तेही बिनविरोध. मध्यें जवळजवळ नऊ वर्षें गेलीं होतीं. म्हणून त्या पदास बक्षिसाचा वास आला नाहीं.

सुप्रीम कोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशानें वकिली करूं नये असें संविधान सांगतें. पदें घेण्याविषयीं तें मौन पाळतें. अनुभवी माणसांस कायमचें घरीं बसविणें देशाच्या हिताचें नाहीं, हा आक्षेप खरा आहे. पण निवृत्ति आणि सरकारनें दिलेलें पद यांत कांहीं वर्षांचें अंतर कायद्यानें ठेवल्यास अनुभवही वायां जाणार नाहीं आणि निकालांवर संशयही येणार नाहीं. हिदायतुल्लांच्या बाबतींत जें आपोआप घडलें, तें सर्वांकरितां नियमानें घडवावें. पक्षकार कोर्टाची पायरी चढतो तो न्यायाधीशाच्या विद्वत्तेच्या भरंवशावर नव्हे, तर त्याच्या निरपेक्षतेच्या भरंवशावर.