विजेच्या वेळापत्रकावर वाहणारी नदी

“मामा, तुम्ही फक्त बसायचं!” असे आश्वासन देऊन माझ्या भाच्याने गेल्या मार्गशीर्षात आम्हां उभयतांना कोलाडला नेले. ते आश्वासन साफ खोटे होते, हे प्रथमच सांगून टाकतो. कुंडलिकेवरच्या त्या रबरी होडीत नुसते कोणी बसत नाही. बाकी वल्हवतात आणि आमच्यासारखे आदळतात!

पहाटे चारला पुणे सोडले. पौड मागे पडले आणि उजाडता उजाडता मुळशीचा तलाव दिसू लागला. सौभाग्यवतींनी थर्मासमधला चहा काढला. मी मात्र काठाशी जाऊन नुसता उभा राहिलो. माझ्या आजीचे माहेर या पाण्याखाली आहे. टाटांच्या वीज योजनेसाठी हे धरण होऊ घातले, तेव्हा १९२१ साली येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा तीनेक वर्षे चालला, धरण झाले, गावे बुडाली. आजी लहानपणीच पुण्यात आली. पुढे घरात कोणी दिवा उगाच जळता ठेवला, की ती म्हणे, “विझवा रे, आमची भातं जळतायत.” आम्ही पोरे हसत असू.

ताम्हिणी उतरताना भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चमकलो. मुळेचे पाणी खरे तर पूर्ववाहिनी. पुण्याला मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाणारे. पण मुळशीला अडवलेले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडतात. तेथले वीजघर १९२७ सालचे. चाके फिरवून झाली, की ते पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यात येते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. पावसाळा सरल्यावरही कुंडलिकेला होडी नाचवण्याइतके पाणी असते, ते यामुळे. मुंबईला वीज हवी झाली, की इकडे नदी भरते. म्हणजे आजीच्या शेतावरच्या पाण्यातच आम्ही मौज करायला निघालो होतो! ही गोष्ट मी सौ.ला सांगितली नाही. तिला आधीच धडकी भरली होती.

काठावर आमच्या अंगात फुगीर जाकिटे चढली, डोक्यावर टोप आले, हातात वल्ही आली. गाइड पंचविशीतला, जवळच्याच गावचा मुलगा. त्याने जाकिटाचे पट्टे इतके आवळले, की श्वास मोजून घ्यावा. मग नियम सांगितले. वल्ह्याच्या टोकाच्या मुठीवरचा हात सुटता कामा नये, नाहीतर ती मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. आणि पाण्यात पडलात, तर उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही.

“का हो?” सौ.ने विचारले.

“काकू, खाली दगड हायेत. फटीत पाय अडकला, की वरचं पाणी माणसाला आडवं करतं. उताणं पडायचं, पाय पुढं ठेवायचे. मी येतो.”

ते “मी येतो” त्याने इतक्या सहज म्हटले, की माझे निम्मे भय तेथेच ओसरले.

उरलेले निम्मे तिसऱ्या खळाळाला परत आले. होडीचे नाक वर गेले, समोर पांढऱ्या पाण्याची भिंत आली, गाइड “फॉरवर्ड! फॉरवर्ड!” ओरडत होता, आणि पुढच्या क्षणी मी होडीत नव्हतो. नाकातोंडात पाणी. पायांना तळ लागला आणि, काय सांगू, उभे राहायचा मोह अनावर झाला! पण कानांत ते शब्द होते. उताणा झालो, पाय पुढे केले. वर आभाळ आणि दोन्ही अंगांनी झाडी पळत होती. तेवढ्यात जाकिटाचे खांदे धरून कोणीतरी मला पोत्यासारखे आत ओढले.

“चष्मा?” हा सौ.चा पहिला प्रश्न. तो दोरीने बांधलेला होता.

पुढे पाणी संथ झाले. मी गाइडला आजीची हकिगत सांगितली. तो वल्हे आडवे धरून ऐकत राहिला.

“आमच्याकडं उलटं हाय, काका,” तो म्हणाला. “हे पाणी नसतं, तर मी मुंबईला हॉटेलात असतो. थोरला भाऊ अजून तिथंच हाय. सुट्टी मिळाली तर गणपतीला येतो.”

मला उत्तर सुचेना. आजीला तरी सुचले असते का, कोण जाणे.

दुपारी काठावर तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण झाले. सौ. “पुन्हा कधी यायचं?” असे विचारू लागली होती, यावरून काय ते समजा. जेवून नदीकडे पाहतो, तो सकाळी दिसले नव्हते ते काळे दगड वर आलेले. ज्या पाण्याने मला फेकले, ते आता घोट्याशी खेळत होते.

“आजचं पाणी बंद झालं,” गाइड म्हणाला. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि दगडादगडांवरून पलीकडच्या काठाला घरी निघून गेला.