जुन्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचा अल्टरनेटर बसवताय? आधी वायर बघा!

माहुल : इथून जवळच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी गाड्या बनायच्या. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पण हौसेनं जपलेल्या गाड्या अजून आहेत. जुन्या पद्मिनीत, जुन्या जीपमध्ये डायनामो असायचा. इंजिन स्लो असलं की तो कमी चार्ज करतो, दिवे मंद होतात. म्हणून बरेच जण मारुतीसारख्या गाडीचा अल्टरनेटर बसवतात.

तो बसला म्हणजे काम झालं असं नाही. हे बघा :

- अल्टरनेटर जास्त अँपिअर देतो. बॅटरीकडे जाणारी जुनी बारीक वायर तापून आग लागू शकते. जाड वायर आणि फ्यूज टाका.
- बहुतेक अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो. तसं असेल तर जुना कटआउट काढा.
- काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तसाच जोडला तर डायोड जळतात.
- पुली सरळ रेषेत हवी, नाहीतर पट्टा तुटतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग बरोबर. १५ च्या वर गेलं तर गाडी लगेच बंद करा.