शिकण्याची मुदत

‘ऋण’ हा शब्द आमच्या पिढीच्या कानांस नेहमींच कडू लागत आला. ऋण काढून सण करूं नये, अंथरूण पाहून पाय पसरावे, हीं वचनें आम्हीं शाळेंत फळ्यावर लिहून मुलांकडून घोटून घेतलीं. पण आमच्याच शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असेंही सांगितलें आहे, आणि त्यांपैकीं ऋषिऋण फेडण्याचा मार्ग म्हणून अध्ययन दाखविलें आहे. म्हणजे एक ऋण असें आहे, कीं जें शिकल्यानेंच फिटतें! हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी समजावून दिलें. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांस घरच्या सुनेनें समजावून दिला. ती हकीकत येथें सांगतों, कारण अशा पेचांतून जाणारीं घरें आज पुष्कळ आहेत.

आमचें कुटुंब एकत्र आहे. तीन वर्षांपूर्वीं धाकट्या चिरंजीवांचा धंदा बसला. घराच्या कर्जाचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने पैसे, असें चहूंकडून देणें अंगावर आलें. अशा वेळीं धाकट्या सूनबाईंनीं बी.एड. करण्याची इच्छा बोलून दाखविली. त्या गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या, घरीं दहा-बारा मुलांच्या शिकवण्या घेत. आम्ही म्हणालों, “सूनबाई, आधी देणं फिटू दे, मग शिकणं. विद्या काही पळून जात नाही.” त्या “बरं, बाबा” म्हणून आंत गेल्या. त्या ‘बरं’ला आम्हीं संमति समजलों. येथेंच आमची चूक झाली.

पुढें कांहीं महिन्यांनीं नातवाच्या दप्तरांत पतसंस्थेची सोनेतारणाची पावती सांपडली. सूनबाईंनीं प्रवेशपरीक्षा दिली होती, प्रवेशही मिळाला होता, आणि पहिल्या वर्षाची फी भरण्यासाठीं आपल्या पाटल्या तारण ठेविल्या होत्या. पाटल्या त्यांच्या आईनें दिलेल्या, म्हणजे त्यांचें स्त्रीधन. आमचा त्यांवर कसलाच हक्क नव्हता. तरीही आम्हांस राग आला, आणि आम्हीं जाब विचारला. त्या खालीं पाहून म्हणाल्या, “बाबा, तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. प्रवेशाची मुदत संपत होती.”

जन्मभर लोकांच्या मुलांस ‘शिका, शिका’ म्हणून सांगणाऱ्या मास्तराच्या घरांत एका बाईस चोरून शिकण्याची पाळी यावी, याहून मोठी नामुष्की ती कोणती? त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. ज्यांचीं चरित्रें आम्हीं मुलांस शिकविलीं, ते थोर पुरुष एकामागून एक आठवूं लागले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ सालीं वारले. तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतून ८ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठीं पाठवूं लागले. बाकीच्या कुटुंबाला उरले ७! घर सुस्थितींत आल्यावर गोपाळानें शिकावें, असें त्या बंधूंनीं म्हटलें असतें, तर १८८४ सालीं गोखले पदवीधर झाले नसते.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. ते १९१६ सालीं लंडनला शिकावयास गेले. पण बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानें १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. चार वर्षांच्या आंत येऊन तो पुरा करण्याची सवलत मात्र त्यांस मिळाली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेतलें, नवल भथेना या स्नेह्याकडून ५,००० रुपये कर्ज काढलें, आणि १९२० सालीं पुनः लंडन गांठलें. १९२३ सालीं ते डी.एस्सी. झाले. हातांत पुरता पैसा येईपर्यंत ते थांबले असते, तर ती चार वर्षें निघून गेलीं असतीं. देण्याला मुदत असते हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. शिकण्यालाही मुदत असते, हें आम्ही विसरलों होतों.

दुसऱ्या दिवशीं सर्वांस एकत्र बसविलें आणि देण्याची यादी एका कागदावर उतरविली. आजवर ती कोणा एकाच्याही डोक्यांत पुरती नव्हती. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा, आणि प्रत्येकजण इतरांस त्रास नको म्हणून गप्प. यादी होतांच एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या देण्याची रक्कम सर्वांत लहान, त्याचेंच व्याज सर्वांत जबर. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला शेंकडा तीन-साडेतीन, म्हणजे वर्षाकाठीं शेंकडा चाळिसाच्या घरांत व्याज चढत होतें! काशीयात्रेसाठीं म्हणून आम्हां उभयतांची एक मुदतठेव होती, ती मोडून तें देणें पुरें केलें. आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच म्हटलें, “विश्वनाथ कुठं जात नाही.” विद्येविषयीं आम्हीं काढलेले उद्गार असे योग्य जागीं जाऊन बसले.

मग दुसऱ्या वर्षाच्या फीचा विचार. बँकेंत चौकशी केली. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास सामान्यतः तारण लागत नाहीं. मात्र घरच्या कोणी सहकर्जदार म्हणून सही करावी लागते, आणि विवाहितेच्या बाबतींत पति किंवा सासूसासरे यांची सही चालते. चिरंजीवांचे पूर्वींचे हप्ते थकलेले असल्यानें त्यांच्या सहीस बँक राजी होईना. तेव्हां सही आम्हीं केली. फेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होते. पण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कीं हप्ता नाहीं म्हणजे व्याज नाहीं, असें नव्हे. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतें, आणि न भरल्यास तें फुगत जातें. म्हणून तें दरमहा आम्ही आमच्या पेन्शनींतून भरतों.

फी म्हणजेच सगळा खर्च, असें समजणें हीही मोठी चूक होय. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, आणि त्यांत वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेंत अध्यापनाचा अनुभव घ्यावा लागतो. तितके दिवस शिकवण्या निम्म्या होणार, हेंही यादींत लिहिलें. पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळालीच, असेंही नाहीं. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी द्यावी लागते. तेव्हां नोकरी न मिळाल्यास शिकवण्यांच्या मिळकतींतून हप्ता निघेल कीं नाहीं, हा हिशेब आधीं मांडला. तो जेमतेम जुळतो असें दिसल्यावरच कर्जाची सही झाली. आणि जें प्रथम करावयास हवें होतें, म्हणजे त्या संस्थेस राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हें पाहणें, तें मात्र सूनबाईंनीं आमच्याआधींच केलें होतें!

कर्जांत असतां प्रत्येकानें प्रत्येक अभ्यासक्रमासाठीं पैसे ओतावे, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊं नये. मान्यता नसलेल्या वर्गांत, किंवा नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीस भुलून, दिलेला पैसा बुडाल्यांतच जमा. आमचें म्हणणें इतकेंच, कीं हा निर्णय एकट्या जिवानें, अंधारांत, पाटल्या पदराखालीं लपवून घेण्याची पाळी कोणाही मुलावर वा सुनेवर येऊं नये. घराचें देणें घरानें मिळून वाहिलें जातें. तसाच घरांतील शिकणाऱ्याचा भारही.

आज सूनबाई दुसऱ्या वर्षांत आहेत. पाटल्या अद्याप पतसंस्थेंतच आहेत आणि घराचा हप्ताही चालूच आहे. सकाळीं साडेसहाला त्या घर सोडतात, आणि नातवाचा डबा भरून त्यास शाळेंत पोंचविण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. पहिल्या दिवशीं पोळीच्या गुंडाळीबरोबर भाजी द्यावयाची आम्ही विसरलों. नातवानें सायंकाळीं आल्याबरोबर आम्हांस दहांपैकीं चार गुण दिले. आतां सातांपर्यंत मजल गेली आहे; अभ्यास चालू आहे.