दोर हाती असताना

प्रस्तरारोहणात कौतुक चढणाऱ्याचं होतं. खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. साठी उलटल्यापासून मी हा खालचा माणूस. तैलबैलाच्या भिंतीवर भाचा चढत होता, मी खालून बिले देत होतो. एकाएकी लक्षात आलं, दोर हातात आहे हे डोळ्यांना दिसतंय, पण बोटांना कळत नाहीये!

मुंग्या तशा सहा महिने येत होत्या. रात्री जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. चहाचा कप दोनदा निसटला. 'जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, त्याचं व्याज,' असं बायकोला सांगून मी मोकळा झालो. भाच्याला मात्र बोललो नाही. तो मला न्यायचं बंद करील, ही भीती. त्या दिवशी तो सुखरूप उतरल्यावर सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, हे मी वर जायच्या आधी सांगायचं होतंस."

दुखणं कार्पल टनेलचं निघालं. मनगटात हाडांचा चिंचोळा बोगदा असतो, त्यावर जाड अस्थिबंधाचं छप्पर. त्यातून बोटं मिटणारे 9 स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू जातो. रज्जूंची आवरणं सुजली की तंतू चेपतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका बधिर होते. करंगळी शाबूत राहते, कारण तिचा तंतू वेगळ्या वाटेने येतो. माझ्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसू लागला होता. "आणखी थांबला असतात, तर तो स्नायू परत भरेलच असं नव्हतं," सर्जन म्हणाले.

फक्त हात बधिर करून त्यांनी छप्पर कापलं. वीसेक मिनिटांचं काम. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. बोटं लगेच हलवायची होती. टाके बाराव्या दिवशी निघाले. खरी परीक्षा पुढेच. मुंग्या गेल्या, पण पकड येईना. तळहात टेकला की कळ यायची, बरणीचं झाकण उघडत नसे. ताकद यायला तीन महिने लागले. गिर्यारोहक इथेच घाई करतात.

चौथ्या महिन्यात पुन्हा दोर धरला, एका बुटक्या कातळापाशी. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोघांकडे. एकाने लपवाछपवी केली की दुसराही गोत्यात. आता चढण्यापूर्वी भाचा न चुकता विचारतो, "मामा, दोर कळतोय ना?"

मी डोळे मिटतो, बोटांनी चाचपतो आणि मगच उत्तर देतो.