वाइनच्या तळघरातलं जिवंत लाकूड

जर्मनीत माइन नदीकाठच्या र्युसेल्सहाइम गावाला जग ओपेल मोटारींमुळे ओळखतं. पण रिस्लिंग या द्राक्षाचा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेखही इथलाच आहे. काट्सेनएल्नबोगेनच्या काउंट योहानच्या हिशेबात, १३ मार्च १४३५ रोजी, रिस्लिंगच्या वेलींसाठी २२ शिलिंग खर्ची पडले आहेत. अशा गावातल्या रेस्टॉरंटसाठी वाइनचं तळघर घडवणाऱ्या सुताराला द्राक्षाइतकाच हवेचा स्वभाव कळावा लागतो.

वाइनला साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली तर बुचं आक्रसण्याची भीती, फार दमट झाली तर लेबलांना बुरशी. ही हवा ठरते बाटल्यांसाठी. जुळवून घ्यावं लागतं लाकडाला.

झाड तोडल्यावरही लाकूड हवेतली वाफ घेत-सोडत राहतं. पाण्याचे रेणू पेशींच्या भिंतींत शिरले की भिंती जाड होतात. थंडीत हीटर लावलेल्या कोरड्या कारखान्यात ओकच्या लाकडात सुमारे ८ टक्के पाणी असतं. ७० टक्के आर्द्रतेच्या गार तळघरात ते साडेतेरा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. तेवढ्याने ३० सेंटिमीटर रुंदीची फळी जवळजवळ ६ मिलिमीटर फुगते. ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरलेली फळी याच्या साधारण निम्मीच फुगते, आणि लांबीत तर फरक नगण्य असतो. कोकणात पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात, त्यामागे हेच विज्ञान आहे.

पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही. म्हणून जाणता सुतार रुंद फळी सरसाने जखडत नाही. चौकटीच्या खाचेत ती मोकळी बसवतो आणि कडेला फुगायला जागा ठेवतो. कापण्यापूर्वी लाकूड काही आठवडे तळघरासारख्या हवेत मुरवतो.

वजनाचा हिशेबही मोठा. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे हजार बाटल्यांचा भार सव्वा टन. सततच्या ओझ्याखाली लाकूड हळूहळू वाकतं आणि दमट हवेत अधिकच. म्हणून फळ्यांचे आधार एकमेकांच्या जवळ असावेत. शिवाय रिस्लिंगची बाटली उंच, निमुळती; बर्गंडीची बुटकी, रुंद. एकाच मापाचे कप्पे दोघींना चालत नाहीत.

सर्वात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. क्लोरोफिनॉलयुक्त औषध मारलेल्या लाकडावर बुरशी आली, की ती ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार करू शकते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाइनला कुबट वास येतो. म्हणून तळघरात असं लाकूड नको, आणि उग्र वासाचं पॉलिशही नको.

नाशिकच्या वाइनपट्ट्यात तर उन्हाळा कोरडा आणि पावसाळा ओला. तिथे तळघर सजवणाऱ्याने नक्षीच्या आधी आर्द्रतामापक हाती घ्यावा. लाकडाला हलायला जागा दिली, तरच सांधे पिढ्यान् पिढ्या टिकतात.